टबाभोवती दगड कुठला?

हिंगोलीत नवं घर, त्यात बाथटब! मग कडेला पांढराशुभ्र मकराना हवाच? जरा थांबा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल, तर कडेवर पांढरे डाग धरणारच. ते काढायला आपण अ‍ॅसिड ओततो आणि तिथेच मार्बलची वाट लागते. कोटा, कडप्पाचंही तेच; मुळात हे सगळे चुन्याचे दगड. ग्रॅनाइट त्यामानाने दणकट. काळाच हवा, तर औंढा नागनाथचं देऊळ बघून या. आपल्याकडचा बेसॉल्टही छान दिसतो, फक्त भोकं असलेला घेऊ नका. दुकानातून तुकडा आणा, रात्रभर त्यावर लिंबाचा रस ठेवा. चकाकी गेली, तर तो दगड बाद! आणि पाय पडतो तिथे मिरर पॉलिश नको, लेदर फिनिश बरं.