उसाचा रात्रीचा राखणदार

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजदाद होते. नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्यच. पण घुबडे ऐकायची तर पहाटे चारला उसाच्या बांधावर उभे राहावे लागते.

गेल्या थंडीत पैठणकडच्या एका मळ्यात आम्ही कान देऊन थांबलो. आधी पिंगळ्यांची कचकच, मग चिंचेवरून गव्हाणी घुबडाचा घोगरा चीत्कार.

मळेकरी म्हणाले, "साहेब, अपशकुनी हाये ते. ढोली बुजवतो."

आम्ही चिंचेखालचा, घुबडाने ओकलेला गोळा फोडून दाखवला. आत उंदरांच्या कवट्या! तुमची कांडी कुरतडणारे हेच. ब्रोमॅडिओलोन खाऊन गुंगलेला उंदीर गिळला की घुबडही दगावते. म्हणून घुबडाच्या आसपास ते औषध नकोच.

ढोली तूर्त उघडी आहे.