नवीन सॉफ्टवेअरमध्ये ओपनिंग स्टॉक कसा चढवायचा? बटण दाबण्याआधी हे तपासा

दुकानासाठी किंवा छोट्या कारखान्यासाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं की पहिलं मोठं काम असतं ते जुना शिल्लक माल त्यात चढवायचं. एक्सेलची फाइल बनवा, इम्पोर्टचं बटण दाबा, झालं काम, असं वाटतं. पण फाइल एकही एरर न देता आत गेली म्हणजे आकडे बरोबर आहेत असं नाही. सॉफ्टवेअर मुख्यतः रकाने नीट भरलेत का एवढंच बघतं. तुमच्या रॅकवर खरोखर काय आहे, हे त्याला कळत नाही. आणि इथे झालेली गडबड पुढे वर्षभर नफ्याच्या आकड्यात दिसत राहते.

उदाहरणासाठी आपण ईआरपीनेक्स्ट घेऊ. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर मेनूची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

शिल्लक म्हणजे फक्त 'किती' नव्हे

फाइलच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी लागतात: आयटम कोड, गोदाम, नग आणि दर. बरेच जण नग काळजीपूर्वक मोजतात आणि दराच्या रकान्यात शून्य टाकून मोकळे होतात, नाहीतर सरळ एमआरपी टाकतात. दोन्ही चूक.

समजा, तुमच्याकडे ५० नळ आहेत आणि दर शून्य टाकला. पुढच्या आठवड्यात आणखी ५० नळ २०० रुपयांनी घेतले. सरासरी पद्धत लावली असेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी एका नळाची किंमत झाली १०० रुपये. तुम्ही तो २४० ला विकलात की नफा दिसणार १४०, प्रत्यक्षात मिळाले ४०. एमआरपी टाकली तर उलटं होतं, चांगला धंदा तोट्यात दिसतो.

दर टाकायचा तो खरेदीचा. तुम्ही जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेत असाल तर जीएसटी वगळून. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो कर खरेदीच्या किमतीतच धरायचा.

डबा की नग?

स्क्रूच्या एका डब्यात १०० नग, डबा २५० रुपयांचा, म्हणजे एक नग अडीच रुपयांचा. ४० डबे असतील तर बरोबर नोंद अशी: ४,००० नग, दर २.५०, एकूण १०,००० रुपये.

आता कोणी ४,००० नग आणि दर २५० टाकला, तर एकूण होतात १० लाख. ही चूक बेरीज बघताच सापडते. पण कोणी नगाच्या रकान्यात ४० आणि दर २५० टाकला, तर बेरीज १०,००० च येते. म्हणजे रुपयांचा हिशेब जुळला आणि सॉफ्टवेअरला मात्र वाटतंय की दुकानात फक्त ४० स्क्रू आहेत! म्हणून रुपये आणि नग, दोन्ही वेगवेगळे तपासा.

एक्सेलचे उपद्व्याप

कोड ००४५७ असेल तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन ४५७ करतो. १३ अंकी बारकोड आखडून भलत्याच रूपात दाखवतो. ३-४ सारख्या साइजची तो चक्क तारीख करून टाकतो. उपाय सोपा आहे: डेटा पेस्ट करण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करा. मालाची नावं मराठीत असतील तर फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ प्रकारात सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

जुन्या यादीत उणे शिल्लक दिसली तर ती तशीच पुढे नेऊ नका. रॅकवर उणे माल नसतो. जाऊन मोजा आणि खरा आकडा टाका.

तारखेची रेघ

३१ मार्चचा क्लोजिंग स्टॉक हाच १ एप्रिलचा ओपनिंग. मोजणी ३ एप्रिलला झाली असेल तर मधल्या दिवसांत विकलेला माल मिळवा आणि आलेला माल वजा करा.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: माल ३० मार्चला आला, मोजणीत धरला गेला, पण त्याचं बिल ५ एप्रिलला हातात पडलं. ते नेहमीसारखं खरेदीत टाकलं आणि सॉफ्टवेअरने स्टॉक पुन्हा वाढवला, की तोच माल दोनदा दिसतो. अशा बिलांची यादी आधीच वेगळी काढा. ती पुरवठादाराच्या खात्यात घ्यायची, स्टॉक न वाढवता.

आता इम्पोर्ट

आधी आयटम, युनिट आणि गोदामं तयार करा. मग ईआरपीनेक्स्टमध्ये 'स्टॉक रिकन्सिलिएशन' उघडा, उद्देश 'ओपनिंग स्टॉक' निवडा, तारीख टाका. फरकाचं खातं 'टेम्पररी ओपनिंग' ठेवा. बाकीची सगळी ओपनिंग खाती भरून झाली की हे खातं शून्यावर यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी काहीतरी राहिलंय.

पहिल्यांदा दहाच आयटम चढवा, रिपोर्ट बघा, मगच पूर्ण यादी घ्या.

तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा गेली तर? स्टॉक रिकन्सिलिएशन त्या तारखेला शिल्लक तेवढीच 'करतं', म्हणजे ५० चे ५० च राहतात. पण 'मटेरियल रिसीट' शिलकेत 'भर घालतं', म्हणजे ५० चे १०० होतात. तुमच्या सॉफ्टवेअरचं इम्पोर्ट यातलं काय करतं, हे दहा आयटमच्या चाचणीतच पाहून घ्या.

शेवटची तपासणी

१. स्टॉकची एकूण किंमत सीएने ताळेबंदात धरलेल्या क्लोजिंग स्टॉकशी जुळते का?

२. स्क्रीनवरचे २० आयटम निवडा आणि रॅकवर जाऊन मोजा.

३. मग उलटं करा. रॅकवरचे २० आयटम उचला आणि स्क्रीनवर शोधा. यादीत यायचंच राहिलेला माल फक्त याच मार्गाने सापडतो.

तिन्ही जुळल्यावरच पहिलं बिल फाडा. एकदा विक्री सुरू झाली की ओपनिंगमधली प्रत्येक दुरुस्ती त्यानंतरच्या सगळ्या नोंदींची किंमत हलवते. म्हणून या कामासाठी दुकान एक दिवस बंद ठेवावं लागलं तरी चालेल, घाई नको.