वस्तूची खूण, अंगावरची खूण

जुन्या घरातून आलेली वस्तू नेमकी कशाची हे कळेनासे झाले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा : हिने लहानपणी कुणाला लागले होते का? वस्तूचे नाव विसरलेली माणसेही या प्रश्नावर बाही वर सारतात, कोपराजवळचा पांढुरका डाग दाखवतात, आणि मग ती वस्तू कुठे ठेवलेली असे, तिच्यात काय असे, तिला हात लावायची परवानगी कुणाला नसे, हे सगळे आपोआप बाहेर येते. जखमेची गोष्ट सांगताना माणूस वस्तूचा वापरच सांगत असतो.

आमच्या मित्रमंडळात दिवाळीच्या फराळाला एकत्र जमायचे आणि प्रत्येकाने वारशाने आलेली, ओळख न पटलेली एक वस्तू आणायची असा रिवाज पडला आहे. कुणाचा वाडा पडून इमारत झाली, कुणाच्या आजोळचे घर विकले गेले, कुणाच्या माळ्यावरचे गाठोडे फ्लॅटमध्ये येऊन पडले. त्यातून या वस्तू येतात. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्या हातोहात फिरतात. आणि दर वेळी थोड्याच वेळात बोलणे गुडघे, कोपरे, हनुवट्या यांच्यावर जाते. पूर्वी मला हे विषयांतर वाटे. आता मी तेच कान देऊन ऐकतो.

एका मित्राने पितळेची बसकी डबी आणली होती. झाकणाला बारीक भोके. विभूतीची, मिठाची, दाताच्या मशेरीची असे अंदाज झाले. तिच्याबरोबर त्याच गाठोड्यात एक आखूड पात्याचा चाकू निघाला होता. तो पाहिल्यावर मित्राच्या थोरल्या काकांनी डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. नखाच्या खाली आडवा व्रण. ‘‘बोरू तासताना. आजोबांनी सांगितलं होतं, पातं अंगाकडे ओढायचं नाही. मी ओढलं.’’ मग डबीही कळली : ती वाळूची. बोरूने कागद लिहून झाला की ओली शाई टिपण्यासाठी त्यावर बारीक वाळू भुरभुरवायची आणि कागद हलकेच झटकायचा. मोडी दस्तऐवज हाताळणाऱ्यांना जुन्या कागदांच्या घडीत अशी वाळू कधी कधी अजून सापडते. डबी आणि चाकू हा एका कारकुनी घराचा संच होता. तो बोटावरच्या व्रणामुळे पुन्हा जुळला.

लहानपणच्या दुखापतीच्या आठवणींवर भरवसा ठेवावा का, असा प्रश्न कुणी विचारील. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड इथल्या मेमोरियल विद्यापीठात कॅरोल पीटरसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. पडून, कापून, भाजून रुग्णालयात आलेल्या मुलांशी त्यांनी लगेच बोलून घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. अगदी लहान मुलांनाही दुखापत कशी झाली, कुठे झाली, कशाने झाली हे टिकून आठवत होते; रुग्णालयात नंतर काय काय केले याच्या आठवणी मात्र तितक्या नेमक्या नव्हत्या. म्हणजे जखम करणारी वस्तू मनात पक्की बसते. जुन्या वस्तूंच्या शोधात असलेल्याला यापेक्षा उपयोगाचा साक्षीदार मिळायचा नाही.

मराठी घरातल्या जखमांचा एक नकाशाच काढता येतो. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या आतल्या बाजूचा काप विळीचा. पाटावर पाय रोवून भाजी दोन्ही हातांनी पात्यावर ढकलायची, म्हणून काप तिथेच येतो. दंडाच्या किंवा पोटरीच्या बाहेरचा भाजल्याचा पट्टा तांब्याच्या बंबाचा. त्याच्या मधल्या नळीत निखारे असत आणि न्हाणीघर अरुंद असे. बोटाचे चेमटलेले पेर जात्याचे, पाटा-वरवंट्याचे किंवा अडकित्त्याचे. तळहातावरचा अर्धगोल काप बहुधा कंदिलाच्या काचेचा, कारण काच पुसायचे काम मुलांकडे असे : मोठ्यांचा हात आत जात नसे. राख आणि फडके घेऊन संध्याकाळी काच साफ करायची, आणि काठाचा टवका उडालेला असला की रक्त. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६मध्ये सुरू झाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. आमच्यात कुणाकडे जुना कंदील आला की आधी त्यावर हे नाव शोधतात. तळेगावचा पैसा फंडाचा काचकारखाना त्याच्याही आधीचा, १९०८चा, लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला. काच देशी असावी म्हणून माणसांनी किती आटापिटा केला हे ठाऊक असले, की तो कंदील शोभेची वस्तू राहत नाही.

शेतकरी घरातल्या मित्रांच्या गोष्टी याहून कठीण असतात. कडबा कापायच्या यंत्रात गेलेले बोट ही त्यांच्यातली ऐकवत नाही अशी गोष्ट, आणि ती एकाच्या घरातली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आरंभी बनवलेल्या मालात कडबा कापायची यंत्रे होती. लोखंडी नांगर त्यानंतरचा, आणि १९१० साली त्यांचा कारखाना औंध संस्थानातल्या माळावर जाऊन तिथे किर्लोस्करवाडी झाली. एका मैत्रिणीच्या गोठ्यात अशा यंत्राचे एक ओतीव लोखंडाचे चाक गंजत पडले होते. भंगारवाला ते उचलणार तेवढ्यात तिच्या आत्याने ते ओळखले. आत्याच्या उजव्या हाताला चारच बोटे आहेत. चाक आता अंगणात उभे आहे आणि आत्या रोज त्याच्या शेजारी बसून कापूस निवडते. याबद्दल मी तिला काही विचारले नाही.

वस्तूवर कोरलेल्या अक्षरांकडे सगळे बघतात, पण ती वाचताना मोठी गल्लत होते. तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव आणि साल घालायची चाल आपल्याकडे जुनी. एका घंगाळ्यावर ‘१८५१ माघ’ असे टिंबाटिंबांनी ठोकलेले होते. मालक हरखून गेले : सत्तावन्नच्या बंडाच्याही आधीचे! पण ते साल शके आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवायचे, आणि पौष-माघ-फाल्गुनातला इंग्रजी नव्या वर्षात पडणारा भाग असेल तर ७९. म्हणजे हे घंगाळे फेब्रुवारी १९३०च्या आसपासचे. भांडे ऐंशी वर्षांनी तरुण झाले म्हणून मंडळी थोडी हिरमुसली. मला मात्र ती तारीख पाहून धस्स झाले. शारदा कायदा सप्टेंबर १९२९मध्ये मंजूर झाला, मुलीचे लग्नाचे किमान वय १४ ठरले, आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून होता. मधल्या महिन्यांत देशभर लहान मुलींची लग्ने घाईघाईने उरकली गेली. घंगाळ्यावर जिचे नाव होते ती मालकांची आजी. लग्नात ती नऊ वर्षांची होती. ‘‘तिच्या डाव्या पावलावर भाजल्याचा मोठा चट्टा होता,’’ मालकांची आई म्हणाली. ‘‘सासरी पहिल्या थंडीत चुलीवरचं पाणी या घंगाळ्यात ओतताना सांडलं. हंडाच तिच्या कमरेएवढा.’’ लहानपणी पडलेला व्रण वाढत्या अंगाबरोबर ताणला जाऊन मोठा होतो. नऊ वर्षांच्या पावलावरचा तो चट्टा म्हातारपणी पाऊलभर झाला होता. आईने ते पाऊल कितीतरी वर्षे चेपले होते, काशाच्या वाटीने तूप चोळले होते, आणि तोवर या भांड्याशी त्याचा संबंध तिने कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलेच नव्हते.

त्या घंगाळ्याला बाजारात काय किंमत येईल ते मला सांगता येणार नाही आणि त्याची मला फिकीरही नाही. पण ते वितळवले गेले असते तर एका मुलीच्या आयुष्याचा उरलेला एकमेव लेखी पुरावा गेला असता.

अंगावरच्या खुणांवरूनही साल काढता येते. दंडावर देवीची लस टोचल्याचा गोल, खळगेदार वण असलेली माणसे आता पन्नाशीच्या बहुधा पुढचीच असतात. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५मधला, देश एप्रिल १९७७मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, आणि मग ते टोचणे बंद पडले. या गोष्टीचा आरंभही मुंबईत झालेला : १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला इथे लस टोचली गेली, आणि ती भारतातली पहिली यशस्वी देवीची लस. शाळेच्या दाखल्यात, पासपोर्टच्या अर्जात ‘ओळखीची खूण’ म्हणून गुडघ्याचा व्रण लिहिणारे आपण, भांड्यावरची खूण मात्र चिंच आणि राखेने घासून घासून सपाट करतो.

वस्तू ओळखण्याबाबत काही गोष्टी मात्र ठामपणे सांगायला हव्यात, कारण त्यांत फसवणूक होते. ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे म्हणून घरोघर जपलेले, रामदरबार कोरलेले आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ साल असलेले नाणे कंपनीने कधीच पाडले नाही. ती पुढे विकायला केलेली टोकने आहेत. त्यांच्यासाठी लाखोंची मागणी आहे असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. चकचकीत पितळी कर्ण्याचे नवे-जुने भाग जोडलेले फोनोही पुष्कळ फिरतात. रवि वर्म्याची छापील चित्रे मात्र खरोखरच अनेक घरांत आहेत. त्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राच्या खालच्या काठावर छापखान्याचे नाव शोधावे, आणि भिंगातून पाहावे : दगडी छपाईचे ठिपके ओबडधोबड, विखुरलेले दिसतात, आताच्या छपाईचे ठिपके आखीव जाळीत बसलेले असतात. लक्ष्मी-सरस्वतीच्या साडीवर जर आणि टिकल्या शिवलेल्या असतील तर त्या काढू नयेत. घरातल्या बायकांनी आपल्या हाताने केलेले ते काम आहे, आणि मला तर चित्रापेक्षा तेच मोलाचे वाटते.

धान्याची मापे ओळखायला सोपी, पण नावे विसरली जाताहेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली, काही भागांत सोळा पायल्यांचा मण. गावागावाची पायली लहानमोठी असे, म्हणून एका घरचे माप दुसऱ्या घरच्या मापाला जुळले नाही तरी ते खोटे ठरत नाही. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि काही वर्षांत ही सगळी लोखंडी, पितळी भांडी कोठारातून फळीवर आणि फळीवरून माळ्यावर गेली.

घरात ओळख पटली नाही तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासीं’नी, आपला लहानपणीच गेलेला मुलगा राजा याच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केला. सुमारे वीस हजार वस्तूंमध्ये राजेरजवाड्यांपेक्षा सामान्य घरांतले दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी यांनाच मान आहे. आपल्या घरच्यासारखी वस्तू तिथल्या कपाटात सापडते आणि मग तिचे नाव कळते.

परदेशी राहणाऱ्या मुलानातवंडांना काही द्यायचे असेल तर एवढे ध्यानात ठेवावे : १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कलाकुसरीची वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांकडून आधी घ्यावा लागतो. देव्हाऱ्यातले टाक आणि बाळकृष्ण सामानात घालून विमानतळावर अडचणीत येण्यापेक्षा हे बरे.

या दिवाळीत माळा आवराल तेव्हा मोडीत काढायचे ते पोते दोन दिवस दारात तसेच राहू द्या. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला खुर्ची देऊन तिथे बसवा, एकेक वस्तू हातात द्या, आणि अंगावरचे व्रण विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह आणि तारखेसह कागदावर उतरवा, आणि तो कागद दोऱ्याने त्या वस्तूला बांधून ठेवा.