आधी काट्यावर, मग डोंगरात

दोन दारांची जीप रँग्लर २,००० पौंड, म्हणजे साधारण ९०० किलो ओढू शकते. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये आडवाटांवर नेण्यासाठी कॅम्पिंगचा ट्रेलर बांधणाऱ्याचं काम अशाच एखाद्या आकड्यापासून सुरू होतं. चित्र नंतर, यादी आधी. पाण्याची टाकी ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो. टपावर उघडणारा तंबू पन्नास-साठ किलो. मग जास्तीचं चाक, बॅटरी, फ्रिज, गॅसची टाकी, हत्यारं, कपडे, शिधा. यादी संपेपर्यंत तीनशे-साडेतीनशे किलो खर्ची पडलेले असतात आणि लोखंडाचा एक तुकडाही अजून कापलेला नसतो.

या ट्रेलरचे पूर्वज दोन. एक लष्करातला. १९४० साली जीपचा पहिला नमुना अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने बनवून दिला, पण मोठी कंत्राटं गेली विलिस आणि फोर्डकडे. बँटमने मग त्याच जीपमागे जोडायचे पाव टनी ट्रेलर बनवले. दोन चाकं, वर पोलादी पत्र्याचा उघडा टब, आणि नदी लागली तर तरंगत पार होण्याची सोय. पुढच्या काळातला एम-४१६ हा त्याच घराण्यातला. लष्कराने काढून टाकलेले एम-४१६ हौशी लोक अजून शोधून आणतात आणि टबावर झाकण चढवून त्यावर तंबू बसवतात.

दुसरा पूर्वज म्हणजे टिअरड्रॉप. पुढून गोलसर, मागे उतरत गेलेली, दोघांना आडवं होता येईल एवढीच खोली आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. १९३० च्या दशकात असे ट्रेलर रस्त्यावर दिसू लागले आणि १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने घरी बांधता येईल असा आराखडाच छापला. चार फूट बाय आठ फूट हे माप तेव्हापासून रुळलं आहे, कारण प्लायवूडचा ताव त्याच मापाचा मिळतो. आजच्या घरगुती ट्रेलरचा तळ बहुधा लष्करी वळणाचा असतो आणि वरचं अंग टिअरड्रॉपचं.

चासीसाठी दोन बाय तीन इंची, पाव इंचाच्या निम्म्या जाडीचा चौकोनी पाइप लोकप्रिय आहे. बारा-तेरा मीटर पाइप लागतो आणि त्याचेच ७०-७५ किलो होतात. तुकडे कापून जमिनीवर मांडले की लगेच वेल्डिंग करायचं नसतं. आधी कोपऱ्याकोपऱ्यावर नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तरच चौकट गुण्यात आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ओढलं जातं, म्हणून एक सांधा इकडचा, एक तिकडचा अशा क्रमाने काम चालतं. मुख्य पाइपच्या खालच्या अंगावर आडवं वेल्डिंग जाणकार टाळतात. खड्ड्यात चाक आदळताना तिथे सर्वांत जास्त ताण येतो आणि तडा वेल्डच्या कडेपासूनच निघतो.

त्यानंतरचा प्रश्न म्हणजे अ‍ॅक्सल नेमका कुठे बसवायचा. उलाळ झालेल्या बैलगाडीचं जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तसा मागे जड झालेला ट्रेलर गाडीचं मागचं अंग उचलतो. हमरस्त्यावरच्या वेगात असा ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि ते झोके वाढत जाऊन गाडी उलटूही शकते. म्हणून एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर यायला हवा. ट्रेलर ७०० किलोचा असेल तर ७० ते १०५ किलो.

हा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी घ्यायची, तिच्या एका टोकाखाली वीट आणि दुसऱ्या टोकाखाली काटा. दांडा विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवायचा. काट्यावर दिसेल त्याची तिप्पट म्हणजे दांड्यावरचा भार. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या जवळ का ठेवतात, तेही इथेच कळतं. तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी होते, आणि ती अगदी मागे किंवा अगदी पुढे असेल तर सगळं गणित बदलतं.

चाकांखालच्या व्यवस्थेत तीन पर्याय असतात. पाटे स्वस्त, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारे, पण पूर्ण भारासाठी निवडलेले पाटे रिकाम्या ट्रेलरला उडवतात. टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये चौकोनी नळीच्या आत रबराच्या कांड्या असतात आणि चाक वर-खाली होताना त्या दाबल्या जातात. तिसऱ्या प्रकारात आडवा अ‍ॅक्सलच नसतो. प्रत्येक चाक चासीला स्वतंत्रपणे जोडलेलं असतं, त्यामुळे मधोमध दगडाला अडकेल असं काही राहत नाही. कुठलाही निवडला तरी चाकं मात्र ओढणाऱ्या गाडीचीच, तेवढ्याच बोल्टांची, शक्यतो तेवढ्याच रुंदीवर. एकच जास्तीचं चाक दोघांना चालतं, आणि ट्रेलर गाडीने पाडलेल्या चाकोरीतूनच मागे येतो.

गाडी आणि ट्रेलर जोडणारा नेहमीचा गोळा आणि त्यावर बसणारी वाटी डांबरी रस्त्यावर ठीक. पण नाल्यात गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला की वाटी गोळ्यावर अडते आणि पीळ दांड्यावर येतो. लष्कराचा उपाय म्हणजे हूक आणि कडी. मजबूत, पण रस्ताभर खडखडाट. अलीकडे तिन्ही दिशांना फिरणारे जोड मिळतात. त्यांच्यामुळे ट्रेलर पूर्ण उलटला तरी गाडीला सोबत ओढत नाही.

वरच्या खोलीत पुन्हा किलोंची झटापट. पाऊण इंची प्लायवूडचा एक ताव सत्तावीस-अठ्ठावीस किलोंचा. बाजूच्या भिंतींना दोन ताव लागले की पंचावन्न किलो गेले. म्हणून अनेक जण भिंतीत मोठमोठे चौकोन कापून लाकडाचा नुसता सांगाडा ठेवतात, पोकळीत फोमचे तुकडे घट्ट बसवतात आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय चिकटवतात. भिंत हलकी होते आणि थंडीही अडते. प्लायवूड पाणी पितं ते कापलेल्या कडांमधून, म्हणून कडांना पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचे हात पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, सांध्यांत ब्यूटाइलची पट्टी. बंद खोलीत झोपलेल्या दोघांच्या श्वासाची वाफ सकाळी भिंतींवर थेंबांनी जमते, त्यामुळे टपावर चौदा इंची भोक पाडून पंखा बसवणं ही चैन नव्हे.

ओटा आणि कप्पे पाहताना मोह होतो तो गुळगुळीत सरकणाऱ्या ड्रॉवरचा. पण खडबडीत रस्त्यावर खटका नसलेला ड्रॉवर आपोआप उघडतो, आणि आतली भांडी त्याला ढकलत राहतात. म्हणून इथे आत आणि बाहेर दोन्हीकडे अडकणाऱ्या सरकपट्ट्या लागतात. वायरिंगमध्येही तसंच. दिव्यांचं अर्थिंग गोळ्यातून मिळेल असं गृहीत धरलं की दिवे मधूनच लुकलुकतात. स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढायची, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं बसवायचं.

घरी बांधलेल्या ट्रेलरला कारखान्याचा क्रमांक नसतो. त्याची नोंद करून क्रमांक देण्याची पद्धत प्रत्येक राज्याची वेगळी. कुठे सामानाच्या पावत्या मागतात, कुठे वजनाची चिठ्ठी, कुठे प्रत्यक्ष तपासणी. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो किंवा जास्त वजनाच्या कॅम्प ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि ट्रेलर ओढताना वेग ताशी ५५ मैलांपुढे न्यायचा नाही. त्यामुळे मालवाहू ट्रकांच्या थांब्यावरच्या काट्यावर ट्रेलर चढवणं ही बहुतेकांची पहिली सफर ठरते. यादी कितीही काटेकोर असली तरी आकडा तिच्यापेक्षा जास्तच येतो. गोंद, रंग, शेकडो स्क्रू आणि जादा घातलेल्या पट्ट्या कुणी मोजलेल्या नसतात.

नव्या चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे असतात. मग खरी वाट. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक प्लाया या कोरड्या तळ्याकडे जाणारा २७ मैलांचा कच्चा रस्ता अशा चाचणीसाठी कठोरच. आडव्या लाटांची माती, मध्येच टायर चिरणारे धारदार खडे. तिथे गाडीच्या आणि ट्रेलरच्या टायरांमधली हवा कमी करतात, सावकाश जातात, आणि मध्येमध्ये थांबून प्रत्येक नट-बोल्टवरून हात फिरवतात. धूळ कुठून आत शिरते तेही अशा रस्त्यावरच समजतं. मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी गादीवर पिठासारखी रेघ उमटलेली असते. घरी आल्यावर तिथे नवी रबरी पट्टी बसते, सैल निघालेल्या बोल्टांना लॉकनट लागतात, आणि ट्रेलर पुन्हा एकदा काट्यावर चढतो, या वेळी भरलेल्या टाकीसकट.