ठोक्याठोक्यात कसबा पेठ

प्रदर्शनाला आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या फोटोंसमोर थांबायचा आणि विचारायचा, "हे कंप्युटरवर केलंय ना?" वाड्याच्या जिन्याची कमान झालेली, विजेच्या तारा एका ठिपक्यात गोळा झालेल्या, शेजारची नवी इमारत थेट अंगावर कलंडत आलेली. मुलं सांगायची, "नाही काका, भांड्यात असंच दिसतं." कुणाला पटायचं नाही. मग हाताला धरून व्हरांड्यात न्यायचं आणि तिथं ठेवलेलं तांब्याचं घंगाळ दाखवायचं.

अंतिम वर्षाच्या चौघांनी मिळून केलेला हा प्रकल्प. विषय त्यांनीच निवडला होता: विरूपण आणि भोवताल. मार्गदर्शक म्हणून मी सोबत होते. भिंतीवर लागलेलं काम सगळ्यांनी पाहिलं, पण त्यामागे जे घडलं त्यातच मुलं खरी शिकली, असं मला वाटतं. म्हणून हे किस्से.

सुरुवात वेगळ्याच दिशेनं झाली होती. मुलांच्या डोक्यात जत्रेतले वेडेवाकडे आरसे होते. त्यांनी आंद्रे केर्तेसची छायाचित्रं पाहिली होती. पॅरिसमध्ये 1933 साली या हंगेरियन छायाचित्रकारानं तसल्याच आरशांत नग्न देहांची प्रतिबिंबं टिपली. सुमारे दोनशे छायाचित्रांची ती मालिका 'डिस्टॉर्शन्स' या नावानं ओळखली जाते. मुलं भारावून गेली होती. अ‍ॅक्रिलिकची मिरर शीट आणली, हीट गनने तापवून वाकवायला घेतली. उष्णता थोडी जास्त झाली की मागचा रुपेरी लेप तडकायचा, कमी पडली की शीट पुन्हा सरळ व्हायची. शेवटी दोन शीट बऱ्या वाकल्या. त्या कॉलेजच्या जिन्यात लावल्या आणि मुलं आडोशाला उभी राहून बघत बसली.

येणारे-जाणारे थांबत, स्वतःचं लांबुळकं तोंड बघून हसत, मोबाइल काढत आणि पुढे जात. मागचा जिना वाकलाय, खिडकी ताणली गेलीय, बाहेरचा गुलमोहर दुमडलाय, याकडे कुणाचीही नजर गेली नाही. चौघांपैकी एक मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, यात भोवताल कुठंय? यात फक्त माणसाचं तोंड आहे." त्याचं बरोबर होतं. माणूस आरशापुढे उभा राहिला की स्वतःलाच शोधतो. नजरेची ती सवय मोडायची तर वस्तू अशी हवी, जिच्याकडे आरसा म्हणून कुणी बघतच नाही.

ती वस्तू सापडली एका मुलीच्या घरी. ती कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात राहते. वाडा पाडून तिथं इमारत उभी राहायची आहे, त्यामुळे घरात आवराआवर चाललेली. माळ्यावरून आजीचं घंगाळ खाली आलं. आजीनं चिंच आणि मीठ लावून ते घासलं आणि चौकात उन्हात ठेवलं. मुलीनं सहज फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी मला दाखवला. घंगाळाच्या फुगीर पोटात अख्खा चौक मावला होता: तुळशीवृंदावन, चारी बाजूंचे सज्जे, वाळत घातलेली लुगडी, वर आकाशाचा तुकडा आणि एका कडेला शेजारची नवी इमारत. वाड्याच्या चौकात उभं राहून हे सगळं एका नजरेत कधीच येत नाही. मान फिरवावी लागते.

त्या दिवशी वर्गात मी फळ्यावर आकृती काढून बहिर्वक्र आरसा समजावला. त्यात प्रतिमा सुलटी आणि लहान दिसते आणि लहान दिसते म्हणूनच जास्त जागा सामावते. चित्रकारांना हे फार आधीच उमगलं होतं. यान व्हान आइकनं 1434 सालच्या अर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर असाच गोल आरसा रंगवला. नवराबायको पाठमोरे, खिडकी आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं, सगळं त्या आरशात आहे. आपल्याला चित्रात न दिसणारी खोलीची बाजू तो वाकडा आरसाच दाखवतो. पार्मिजानीनोनं साधारण 1524 मध्ये, ऐन विशीत, बहिर्वक्र आरशात बघून आत्मचित्र केलं, तेही तसाच फुगीर लाकडी पृष्ठभाग करवून घेऊन. त्यात आरशाजवळ धरलेला हात चेहऱ्यापेक्षा मोठा झालाय आणि मागची खोली वळून आलीय. व्हिएन्नातलं ते मूळ चित्र जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढं आहे. मुलांनी लगेच घंगाळाजवळ हात नेऊन पाहिला. हात फुगला, माणूस मागे आक्रसला. पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र खरं आहे की नाही, हे त्यांनी आजीच्या भांड्यावर ताडून पाहिलं.

तिथून आम्ही तांबट आळीत गेलो. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईपासूनची. आता मोजकेच कारखाने उरलेत, पण गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. तिथली खासियत म्हणजे मठारकाम. भांडं लोखंडी आधारावर चढवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून ठोके देत जायचं. ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांड्याला मजबुती येते आणि अंगावर ती लखलखणारी नक्षी उमटते. यंत्रावर दाबून काढलेलं भांडं आणि मठारलेलं भांडं शेजारी ठेवलं, तर आंधळाही हात फिरवून फरक सांगेल.

मुलांनी मॅक्रो लेन्स लावून एकेक ठोका टिपायला घेतला आणि तिथं एक गंमत हाती लागली. भांड्याच्या पोटात गल्लीचं एक मोठं प्रतिबिंब दिसेल, असा आमचा समज. मठारलेल्या भांड्यात मात्र प्रत्येक ठोका हा स्वतंत्र आरसा. हाताच्या तळव्याएवढ्या जागेत तीच गल्ली कितीतरी वेळा, दर वेळी किंचित वेगळ्या कोनातून. जे ठोके जरा खोलगट बसले होते त्यांत गल्ली चक्क उलटी: जमीन वर, आकाश खाली. आणि त्याच्याच शेजारच्या सपाट ठोक्यात ती सुलटी. माझी विद्यार्थिनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "मॅडम, ह्या स्कूटरवाल्याला बघा, या ठोक्यात येतोय आणि त्या ठोक्यात जातोय." मीही पाहिलं. खरंच तसं होतं.

तिथल्या तांबट काकांना आमच्या कामाचं नवल वाटलं नाही. त्यांनी हातातली कळशी उचलून डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. "पोरी, हे बघ. ही ट्यूबची रेघ इथून तिथवर सारखी तुटत गेली पाहिजे. इथं बघ, रेघ बसलीय. म्हणजे हा ठोका दबला." त्यांनी तेवढ्यात दोन ठोके दिले, पुन्हा कळशी फिरवली, रेघ जागेवर आली. आम्ही ज्याला विरूपण म्हणत होतो ते त्यांचं मोजमाप होतं. प्रतिबिंब कुठं आणि किती मोडतंय, हे बघून ते धातूची तब्येत ओळखतात. मी कित्येक वर्षं विरूपण शिकवते आहे, पण इतक्या नेमकेपणानं ते वापरणारा माणूस मला कुठल्याही स्टुडिओत भेटला नव्हता.

सगळ्यात जास्त वाद झाला तो फोटो काढणाऱ्यावरून. चकचकीत भांड्याचा फोटो काढायचा तर काढणारा त्यात दिसतोच. घंगाळ कसंही फिरवा, तुम्ही सरका, वाका, कॅमेरा बरोबर मधल्या उभ्या रेषेवर येऊन बसतो. एका मुलानं लेन्सवर पोलरायझर लावून पाहिला. काचेवरची, पाण्यावरची चमक त्यानं मारता येते, धातूवरची नाही. मग काळं कापड आणलं, मधोमध भोक पाडून लेन्स बाहेर काढली. माणूस गेला, पण फोटोच्या मध्यावर गल्ली गिळणारा काळा डाग उरला. शिवाय कापड ताणून धरणाऱ्या दोघांभोवती आळीतली पोरं जमली आणि तीही प्रतिबिंबात आली.

"नंतर खोडून टाकू की," असं एकाचं म्हणणं. "मग कंप्युटरवर केलंय असं म्हणणारे खरे ठरतील," असं दुसरीचं. बराच वेळ चहा निवत राहिला. मी त्यांना एशरचं 1935 सालचं शिळामुद्रण दाखवलं. चित्रकारानं हातात चकचकीत गोळा धरलाय, गोळ्यात त्याची खोली आणि अगदी मध्यावर त्याचा चेहरा. गोळा कसाही धरला तरी बघणारा केंद्रातून हलत नाही, हे एशरनं चित्राचाच विषय केला. मुलांनी ठरवलं, कुणालाही खोडायचं नाही. मात्र फोटो काढणाऱ्यानं गल्लीतल्या माणसासारखं उभं राहायचं, पवित्रा घ्यायचा नाही. त्यामुळे नंतरच्या फोटोंत माझी विद्यार्थिनी कुठं पायरीवर बसलेली आहे, कुठं दुधाची पिशवी हातात धरून उभी आहे. भोवतालावर काम करायचं आणि स्वतःला त्यातून वगळायचं, हे मला अप्रामाणिक वाटतं. मुलांनी ते स्वतःहून टाळलं, याचा मला फार अभिमान आहे.

मग प्रदर्शनाची मांडणी. हॉल मिळाला, पांढऱ्या भिंती, वर दिव्यांच्या रांगा. चौथऱ्यावर घंगाळ आणि दोन मठारलेल्या कळशा ठेवल्या आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. भांडी मेल्यागत दिसत होती. त्यांत काहीच नव्हतं: पांढरं छत, पांढरी भिंत, दिव्यांचे ठिपके. भोवताल मागे कसब्यातच राहिला होता. चांगल्या कलाकृतीला रिकामी पांढरी भिंत लागते, असं आम्ही शिकवतो. ही भांडी त्या रिकामेपणात उपाशी राहिली. रात्री उशिरा ती उचलून रस्त्याकडच्या व्हरांड्यात नेली. समोर बस, रिक्षा, पिंपळ, फाटकातून येणारी माणसं. सकाळी पहिली बस घंगाळाच्या पोटातून वाकत गेली आणि रखवालदारानंच आम्हाला हाक मारली, "मॅडम, हे बघितलंत का?"

अनीश कपूरचं शिकागोतलं 'क्लाउड गेट' मुलांना फोटोंतून माहीत होतं. मुंबईत 1954 साली जन्मलेल्या या शिल्पकारानं पोलादाच्या 168 पत्र्यांचे सांधे घासून घासून पार दिसेनासे केले आणि शहर व आकाश एकसंध वाकवलं. ते काम थोर आहेच. तरी मठारलेल्या कळशीपुढे मला दुसरं काही जाणवतं. इथं हाताची खूण पुसलेली नाही. प्रत्येक ठोका दिसतो, आणि गल्ली त्या ठोक्यांतूनच दिसते.

लोक हात लावत. 'हात लावू नये' अशी पाटी मुलांनीच काढून टाकली होती. तांब्यावर घामाचे ठसे काळे पडतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत घंगाळावर बोटांची गर्दी व्हायची. लॅकर मारायची सूचना आली, पण त्यानं चमक मंदावली असती. मुलं रोज सकाळी चिंच-मीठ घेऊन बसायची. परीक्षकांनी विचारलं, "भांडी तांबटांची, गल्ली कसब्याची, मग तुम्ही काय केलंत?" विद्यार्थिनीचे हात तेव्हा चिंचेनं माखलेले होते. ती म्हणाली, "सर, आम्ही ती कुठं ठेवायची ते शोधलं." परीक्षकांचं त्यावर समाधान झालं की नाही, मला सांगता येणार नाही. माझं झालं.

तांबट काकाही येऊन गेले. फोटोंवरून नजर फिरवली, मग व्हरांड्यात आपली कळशी उचलून उजेडाकडे धरली आणि एका जागी बोट ठेवलं. "हा ठोका राहिलाय. संपलं की पाठवा परत." प्रदर्शन उतरल्यावर मुलं ती कळशी त्यांच्याकडे पोचवून आली.

आता यथार्थदर्शन शिकवायच्या आधी मी नव्या मुलांना मठारलेल्या भांड्यासमोर बसवते. मोबाइल पिशवीत, हातात फक्त पेन्सिल. दिसतं ते काढा, एवढंच सांगते. बहुतेक जण विजेचा खांब सरळ काढतात. डोळ्यांसमोर तो वाकलेला असतो, पण खांब सरळ असतो हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. मी काही बोलत नाही. कागद बदलून देते आणि पुन्हा बघायला सांगते. तिसऱ्या-चौथ्या कागदावर कुणाचा तरी खांब पहिल्यांदा वाकतो, आणि शेजारचा लगेच विचारतो, "मॅडम, याचं चुकलंय ना?"