ध्रुवीय प्रदूषके आणि लेपित तंतू

पाण्यातील प्रदूषकाचे मापन करावयाचे तर प्रथम ते पाण्यातून वेगळे काढावे लागते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पेयजलात फिनॉली संयुगांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प मात्रेसाठी पुष्कळसे पाणी विभाजक नरसाळ्यात कार्बनी विद्रावकाबरोबर घुसळावयाचे आणि मग विद्रावक उडवून द्यावयाचा, ही जुनी रीत. तीत विद्रावकाबरोबर थोडे फिनॉलही उडून जाते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात आर्थर व पावलिशिन यांनी १९९० मध्ये निराळा मार्ग मांडला. केसासारख्या बारीक सिलिका-तंतूच्या सुमारे एक सेंटिमीटर भागावर बहुवारिकाचा लेप असतो. हा तंतू ढवळत्या पाण्यात बुडवून ठेवावयाचा व नंतर वायु-वर्णलेखन यंत्राच्या तप्त प्रवेशकोष्ठात सरकवावयाचा. तेथे लेपात शिरलेले रेणू उष्णतेने सुटतात. सर्व प्रदूषक काढून घेणे हा येथे हेतूच नव्हे. पाणी व लेप यांच्यात समतोल झाला म्हणजे लेपात आलेली मात्रा मूळ संहतीच्या प्रमाणात असते, आणि तेवढे पुरते.

अडचण येते ती ध्रुवीय रेणूंच्या बाबतीत. पॉलिडायमिथिलसिलोक्झेनाच्या लेपात टोल्यूइन सहज शिरते. फिनॉल मात्र पाण्याशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असल्याने त्याला पाणी सोडवत नाही. म्हणून पॉलिअ‍ॅक्रिलेटाचा, बहुधा ८५ मायक्रोमीटर जाडीचा, लेप योजितात. त्यातील एस्टर गटांचा ऑक्सिजन फिनॉलाशी बंध जोडू शकतो. तथापि हा लेप सिलोक्झेनापेक्षा ताठर असल्याने रेणूंचे विसरण मंद होते व समतोलास वेळ लागतो.

केवळ लेप बदलून भागत नाही. पाणीही बदलावे लागते. पेंटाक्लोरोफिनॉल उदासीन पाण्यात बहुतांशी आयनरूपात असते आणि आयन लेपात शिरत नाहीत. अम्ल घालून पी-एच मूल्य २ च्या आसपास आणिल्यास ते पुन्हा अखंड रेणू बनते. मीठ घातल्याने पाण्याचे रेणू आयनांभोवती गुंततात आणि फिनॉलाला पाण्यात राहणे अवघड होते.

याहून अधिक ध्रुवीय असे पॉलिएथिलीन ग्लायकॉल पाण्यात फुगते वा विरघळते. त्यामुळे त्यात डायव्हिनिलबेंझिनाच्या सच्छिद्र कणांची जोड देण्यात आली. येथे शब्दांविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. ‘शोषण’ आणि ‘अधिशोषण’ हे शब्द विद्यार्थी पुष्कळदा एकाच अर्थाने लिहितात. पण पॉलिअ‍ॅक्रिलेटात रेणू लेपाच्या अंतर्भागात विरघळतो, ते शोषण. सच्छिद्र कणांच्या पृष्ठावर तो चिकटतो, ते अधिशोषण. पृष्ठावरील जागा मोजक्याच असतात. परिणामी कारखान्याच्या सांडपाण्यात तंतू फार वेळ ठेविल्यास प्रथम चिकटलेल्या फिनॉलाला अधिक बळकट रेणू हुसकावून लावतात आणि प्रदूषण असूनही आकडा कमी दिसतो. अशा नमुन्यासाठी बुडविण्याचा काळ थोडा ठेवावा, व शुद्ध पाण्यावरून काढलेला अंशन-आलेख न वापरता त्याच सांडपाण्यात फिनॉलाची ज्ञात मात्रा मिसळून तो तयार करावा.