वाईस एक दिवस

हल्लीं सुट्टी लागली कीं पुण्यामुंबईच्या मंडळींचे पाय आपोआप पांचगणी-महाबळेश्वराच्या वाटेला लागतात. त्या वाटेवर पसरणीचा घाट चढण्यापूर्वीं कृष्णेच्या कांठीं एक लहानसें गांव लागतें. तेथें चहा घ्यावा, गाडीच्या खिडकींतून देवळाचें शिखर दिसलेंच तर हात जोडावे आणि पुढें चालतें व्हावें, असा बहुतेकांचा रिवाज आहे. आमच्या मतें हा व्यवहार उलटा आहे. थंड हवा कोणत्याही डोंगरावर मिळेल. वाई मात्र एकच. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब तेवढ्यासाठींच निघालों आणि घाटाकडे एक पाऊलही न टाकतां परत आलों.

मंडळींत आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, शाळेंत जाणारी नात आणि आमच्या वडील भगिनी आक्का. आक्कांच्या थोरल्या नातीनें परजातींतील एका मुलाशीं विवाह ठरविला आहे, आणि ‘त्या कार्याला माझें पाऊल लागणार नाहीं’ असें आक्कांनीं दिवाळीपासून जाहीर केलें आहे. प्रवासांत हा विषय कोणीं काढावयाचा नाहीं, अशी सूनबाईंनीं सर्वांस ताकीद दिली होती.

स्वारगेटहून महाबळेश्वरकडे जाणारी एस. टी. पकडली. अंतर सुमारें ९० किलोमीटर. खंबाटकीचा घाट ओलांडल्यावर सुरूरपाशीं गाडी हमरस्ता सोडून पश्चिमेस वळते, आणि तेथून मुलखाचा नूर पालटतो. दोहों बाजूंस उंसाचे आणि हळदीचे मळे, समोर सह्याद्रीच्या सपाट माथ्याच्या रांगा, उत्तरेस पांडवगड. अज्ञातवासांत पांडव राहिले ती विराटनगरी हीच, असें येथील लोक सांगतात. अशा विराटनगऱ्या आपल्या देशांत आणखीही आहेत. तेव्हां त्या वादांत आम्हीं पडलों नाहीं.

वाई पाहावयाची ती नदीकडून. गांवाची पाठ रस्त्याकडे आणि तोंड कृष्णेकडे आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांचीं नांवें. प्रत्येक आळीचा घाट निराळा आणि प्रत्येक घाटाचा अभिमानही निराळा. माघापासून पुढें आळीपाळीनें या घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव चालतो. त्याचा उगम परंपरा अशी सांगते कीं, १६५९ सालीं अफजलखान वाईस तळ देऊन बसला असतां शिवाजी महाराजांस यश यावें म्हणून येथील ब्राह्मणांनीं कृष्णामाईस नवस केला होता. खान या प्रांताचा पूर्वींचा सुभेदार होता, हें इतिहासास ठाऊक आहे; नवसाची साक्ष कृष्णाबाई देईल.

गांवाचें आजचें रूप मुख्यत्वें रास्ते घराण्यानें घडविलें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घरच्या कन्या. आनंदराव भिकाजी रास्ते यांनीं १७५७ सालीं काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधलें. त्यांतील काळ्या पाषाणाचा नंदी इतका गुळगुळीत आहे कीं आमच्या नातीनें त्याच्या पाठींत आपलें तोंड पाहून घेतलें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं घाटावरच गणपतीचें मंदिर उभारलें. मूर्ति अवाढव्य, म्हणून लोक त्यास ढोल्या गणपति म्हणतात. पण मूर्तीइतकीच पाहण्याजोगी आहे ती देवळाची पाठीमागची भिंत. ती सरळ नाहीं. माशाच्या आकाराची निमुळती आहे. पावसाळ्यांत नदी फुगून देवळावर चालून येते, तेव्हां त्या टोंकावर पाणी दुभंगतें आणि दोहों अंगांनीं निघून जातें. गवंड्यानें नदीशीं भांडण मांडलें नाहीं. तिला वाट दिली. शाळेंत चाळीस वर्षें मुलांना भिंतीच्या जाडीचीं गणितें घातलीं. ही भिंत त्यांस दाखवितां आली असती तर पुष्कळ खडू वांचला असता.

आतां वर धोम येथें धरण झाल्यामुळें नदीचें पात्र पूर्वींसारखें सर्वस्वीं निसर्गाच्या स्वाधीन राहिलेलें नाहीं. आम्ही गेलों त्या दिवशीं पाणी संथ होतें, पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका होत्या, आणि पर्यटकांनीं टाकलेल्या कागदी पेल्यांचा एक तांडा पायरीशीं येऊन अडकला होता. ते पेले सूनबाईंनीं व नातीनें गोळा केले. घरून आणलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी आम्हीं तेथेंच सावलींत बसून खाल्ली.

दुपारीं गंगापुरींत प्राज्ञपाठशाळेकडे गेलों. वाईस दक्षिणकाशी म्हणतात तें केवळ देवळांवरून नव्हे. नारायणशास्त्री मराठे यांनीं १९१६ सालीं ही पाठशाळा स्थापिली. पुढें संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. विनोबा भावे साबरमतीच्या आश्रमांतून रजा घेऊन १९१७ च्या सुमारास उपनिषदें व शांकरभाष्य शिकण्यास येथें येऊन राहिले होते. धुळें जिल्ह्यांतील पिंपळनेरचा एक मुलगा लहान वयांतच या गुरूंपाशीं आला, तो पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या नांवानें सर्वांस माहीत झाला. मराठी विश्वकोशाचे ते पहिले प्रमुख संपादक. त्या कोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, आणि हें प्रचंड काम मुंबईपुण्यांत न होतां या नदीकांठच्या गांवीं झालें.

परंतु आमचें मन अधिक रमतें तें येथील धर्मकोशांत. १९३७ सालापासून तो प्रसिद्ध होऊं लागला. त्याची रीत अशी: एक विषय घ्यावयाचा आणि त्यावरील वेदवचनें, सूत्रें, स्मृति आणि टीकाकारांचीं मतें एका ठिकाणीं कालानुक्रमानें मांडावयाचीं. वरवर पाहतां हें केवळ कारकुनी काम वाटेल. पण तीं वचनें अशीं ओळीनें वाचूं लागलें म्हणजे जें ‘सनातन’ म्हणून आपण घट्ट धरून बसतों तें शतकाशतकाला कसें बदलत गेलें, हें डोळ्यांपुढें उभें राहतें. संपादकास निराळी टीका करावी लागत नाहीं.

हें आम्ही नातीस समजावून देत असतां आक्का मध्येंच म्हणाल्या, “अरे, शास्त्र बदलतें असें शास्त्रीच म्हणूं लागले, तर मग धरावयाचें तरी काय?”

विषय त्यांनींच काढला होता. सूनबाईंची ताकीद आपोआप रद्द झाली. आम्हीं त्यांस १९३३ सालची हकीकत सांगितली. गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारी यांची कन्या लक्ष्मी यांचा विवाह त्या वर्षीं पुण्यास झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. म्हणजे स्मृतिकारांच्या परिभाषेंत प्रतिलोम विवाह, ज्याची त्यांनीं निंदा केली आहे. दोघांच्याही वडिलांनीं मुलांस कित्येक वर्षें थांबावयास लावून त्यांचा निश्चय पारखून घेतला होता. त्या विवाहाचें पौरोहित्य कोणीं केलें? याच पाठशाळेंत शिकलेल्या लक्ष्मणशास्त्र्यांनीं. त्याच्या आदल्या वर्षीं, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत असतांना, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राचा निर्णय शोधण्याच्या कामींही त्यांचें साहाय्य झालें होतें.

“म्हणजे मंत्र म्हणणारा वाईचाच होता तर,” आक्का म्हणाल्या. पुढें कांहीं बोलल्या नाहींत. आम्हींही विषय वाढविला नाहीं. आक्कांशीं वादांत जिंकलेला मनुष्य आमच्या घराण्यांत अजून जन्मावयाचा आहे.

उन्हें उतरतां रिक्षा करून मेणवलीस गेलों. वाईपासून तीनएक किलोमीटर. येथें नाना फडणिसांचा वाडा आहे. येथील दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. वाड्यामागें नदीवर अर्धचंद्राकृति घाट. ‘स्वदेस’ नांवाच्या २००४ सालच्या हिंदी चित्रपटांत हा परिसर आहे, अशी माहिती नातीनें पुरविली. ज्या कारभाऱ्याच्या शहाणपणानें १८०० सालापर्यंत पेशवाईचा डोलारा उभा राहिला, त्याचा वाडा तिच्या लेखीं एका नटाच्या नांवें जमा आहे. असो, घाट तरी तिला पाहावासा वाटला.

येथील देवळापाशीं एक मोठी घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आल्या त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूस घेतलेली मेरी कोरलेली आहे. ती खरवडून टाकावी असें कोणास वाटलें नाहीं. आक्कांनीं चष्मा पुसून ती आकृति बराच वेळ न्याहाळली, आणि मग नातीचा हात धरून सावकाश पायऱ्या उतरून पाण्यापाशीं गेल्या.

घरून त्यांनीं फिरकीचे दोन तांबे आणले होते. दोन्ही कृष्णेच्या पाण्यानें भरून घेतले. एक देवघरासाठीं, हें उघड होतें. दुसरा कशाला, असें सूनबाईंनीं विचारलें.

“कार्याच्या घरीं लागतें पाणी,” आक्का म्हणाल्या, आणि तो तांब्या आमच्या हातीं दिला. त्याची फिरकी सैल होती. खंबाटकीच्या वळणांवर तो मांडीवर उभा धरून ठेवतां ठेवतां आमचें अर्धें धोतर भिजलें. पण पाणी गळ्यापर्यंत शिल्लक राहिलें.